तर्जनी आणि तांब्याची तार

बेस गिटार थांबली की मगच लोकांच्या लक्षात येतं, इतका वेळ ती वाजत होती. चर्चमधल्या मिस्साच्या गायनात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, सिनेमाच्या गाण्यात, सगळीकडे हेच. गाणारा समोर असतो, ड्रम छातीवर आदळतो, लीड गिटारवाला दोन पावलं पुढे येऊन टाळ्या घेऊन जातो. मागे, बहुतेकदा ड्रमला खेटून, चार जाड तारांवर कुणीतरी सगळं गाणं तोलून धरत उभा असतो. त्याचं नाव विचारायला कुणी येत नाही. मी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात उभा राहिलोय आणि त्या जागेवर माझं प्रेम आहे. तिथून गाणं आतून ऐकू येतं. मात्र त्या चार तारांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये जसाच्या तसा उतरावा, ही ओढ मला पहिल्यापासून होती. त्या ओढीनेच मी जुन्या पद्धतीचे डीआय बॉक्स बनवायला लागलो.

डीआय बॉक्स म्हणजे तळहातावर मावणारी पत्र्याची डबी. एका अंगाने गिटारचा जॅक आत जातो, दुसऱ्या अंगाने तीन पिनांची माइकची केबल बाहेर पडते. जुन्या डब्या उघडून पाहिल्या तर आत जवळजवळ काहीच नसतं: एक ट्रान्सफॉर्मर, एखाद-दुसरा रेझिस्टर, एक खटका. बॅटरी नाही, दिवा नाही, विजेची वायर नाही. ही डबी नसेल तर बेसचा आवाज आधी अँप्लिफायरमध्ये जातो, मग स्पीकरमधून खोलीत, खोलीच्या भिंतींवर, पंख्याच्या घरघरीत, आणि तिथून माइकमध्ये. डबीत यातलं काहीच आड येत नाही. बोट तारेवरून सुटलं की पुढे आहे ते फक्त तांबं आणि लोखंड.

तरी गिटार थेट मिक्सरच्या माइकच्या तोंडात खुपसून का चालत नाही? पिकअपमध्ये चुंबकांभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यांतून निघणारा आवाज फार नाजूक असतो. त्याच्यावर भार पडला की आधी वरची चमक जाते आणि मग सगळा आवाजच बसतो. माइकसाठी केलेलं तोंड हजार-दीड हजार ओहमचं. गिटारला ते पेलवत नाही. मध्ये असा ट्रान्सफॉर्मर घातला, ज्याच्या प्रायमरीत सेकंडरीच्या बारापट वेढे आहेत, तर व्होल्टेज बाराव्या हिश्शावर येतं, पण ओहमचा हिशेब बाराच्या वर्गाने बदलतो. पलीकडचे 1,000 ओहम गिटारला 1,44,000 भासतात आणि ती मोकळा श्वास घेते. त्यात आणखी एक उपकार होतो. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्या तारा एकमेकींना शिवत नाहीत. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो. खटका दाबून दोन्हीकडच्या अर्थिंगची जोडणी तोडता येते आणि मांडवातल्या स्टेजवर, जनरेटरवर चाललेल्या कार्यक्रमात, जी घुंऽऽ अशी गुरगुर सगळ्या गाण्याखाली पसरलेली असते, ती एका क्षणात नाहीशी होते. ज्याने ही गुरगुर रात्रभर सोसली आहे, त्याला त्या क्षणाची किंमत सांगावी लागत नाही.

या डबीची एक गोष्ट अमेरिकेतली. तिथल्या डेट्रॉइट शहरात, 2648 वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या पत्त्यावर, एक साधं दुमजली घर आहे. 1959 साली बेरी गॉर्डी यांनी ते घेतलं, दर्शनी भागावर ‘हिट्सव्हिल यूएसए’ अशी पाटी लावली आणि तिथे मोटाउन या त्यांच्या कंपनीची गाणी रेकॉर्ड व्हायला लागली. स्टुडिओ कसला, एक लहानशी खोली. छतावरून केबली लोंबकळायच्या म्हणून वादकांनीच तिचं नाव ‘स्नेक पिट’ ठेवलं होतं. एवढ्याशा जागेत तीन गिटार, बेस, ड्रम, पियानो. मोटाउनचे इंजिनिअर माइक मॅक्लीन यांनी गिटार आणि बेस थेट मिक्सरमध्ये घेणारी ट्रान्सफॉर्मरची पेटी स्वतः बांधली. त्याच शहरात एड वुल्फ्रम यांनी ट्रायड कंपनीचा ट्रान्सफॉर्मर घालून एक डबी केली. तिला रेकॉर्डिंगवाले आजही वुल्फबॉक्स म्हणतात. लंडनला ईएमआयच्या स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी 1967 साली, बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या वेळी, पॉल मॅकार्टनी यांच्या बेसला हीच वाट करून दिली. दोन शहरांत, साधारण एकाच काळात, माणसांनी हाताशी असलेल्या सामानातून एकच गोष्ट केली. या डब्या आज जगभर पुन्हा बनतात. मोटाउनच्या पेटीवर बेतलेला डीआय अ‍ॅक्मी नावाची अमेरिकन कंपनी विकते. तो आपल्याकडे मागवायचा तर किंमत, टपाल आणि कस्टम मिळून लहान बँडचा एका सीझनचा नफा खाऊन टाकतो.

पण मला त्या पेटीपर्यंत नेलं ते तिच्या बनावटीने नव्हे. मला नेलं जेम्स जेमर्सन यांनी. स्नेक पिटमध्ये बेस वाजवणारा हा माणूस उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. 1962 चा फेंडर प्रिसिजन बेस, त्यावर जाड, चपट्या वेढ्याच्या तारा, ज्या तो सहसा बदलतच नसे. मोटाउनची साठच्या दशकातली गाणी लावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करून खाली ऐका. तिथे एक दुसरं गाणं चाललेलं असतं. ते धावतं, अडतं, सम येण्याआधी अर्धी मात्रा उडी मारतं आणि नेमकं जागेवर येतं. त्या तर्जनीचा जोर, तिची सैल पडलेली एखादी चाल, नखाजवळचा स्पर्श, सगळं ऐकू येतं, कारण मध्ये हवा नाही, खोली नाही. आहे तो फक्त ट्रान्सफॉर्मर.

आणि या माणसाचं नाव वर्षानुवर्षं रेकॉर्डवर छापलं गेलं नाही. गायकाचं नाव असे, कंपनीचं असे. 1971 साली मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर वादकांची नावं आली आणि जेमर्सन यांना ‘अतुलनीय’ असं विशेषण लागलं. तोवर त्यांच्या बोटांवर जग नाचून झालं होतं. 1983 साली, वयाच्या 47 व्या वर्षी ते गेले. मरणाच्या थोडं आधी त्यांचा तो बेसही चोरीला गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली 2000 साली.

आपल्याकडे काय वेगळं होतं? मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये राहुलदेव बर्मन यांची गाणी रेकॉर्ड होत. त्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ, बेसपासून ट्रान्झिकॉर्ड या वाद्यापर्यंत कशालाही हात घालणारे चरणजित सिंग, यांची नावं गाण्यांच्या तबकड्यांवर शोधायला गेलं तर सापडत नाहीत. चित्रपटाचं नाव, संगीतकार, गीतकार, गायक. यादी तिथे संपते. चरणजित सिंग यांनी 1982 साली सिंथेसायझरवर राग वाजवून काढलेली तबकडी जगाने ऐकली ती जवळजवळ तीस वर्षांनी, ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर. या स्टुडिओंमधल्या वादकांच्या आठवणी एकत्र करून ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक 2008 साली लिहिलं ते ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने. आपली माणसं आपल्या शेजारून लोकलने घरी जात होती, खांद्याला वाद्याची पिशवी अडकवून. आपण त्यांना विचारलं नाही याचं मला दुःख आहे.

माझ्या वसईत गिटार आली ती चर्चच्या दारातून. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. आमच्याकडे मराठी गायनं रचली जाऊ लागली आणि ऑर्गनशेजारी गिटारला जागा झाली. पापडी, निर्मळ, नंदाखाल, गास, गिरीज, भुईगाव, आगाशी, कुठेही जा. रविवारी गायकवृंदात गिटार असते आणि सणाला बेसही असतो. नाताळची गाणी निघतात, लग्नाची निघतात, आमच्या कादोडी बोलीत निघतात. माझी रेकॉर्डिंगची खोली वसई रोड आणि नालासोपारा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. इथे येणारी पोरं शिकलेली असतात, तयारी करून येतात. पण बेस वाजवणारा नेहमी शेवटी विचारतो, माझं कधी घेणार? त्याचं सगळ्यांत आधी घ्यायचं, हा माझ्या खोलीचा नियम आहे.

जुनी डबी नव्याने करायची तर जीव सगळा ट्रान्सफॉर्मरमध्ये. पत्रा कुठेही मिळतो, जॅक आणि खटके लॅमिंग्टन रोडवर मिळतात. ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, तो गुंडाळावा लागतो. आणि इथे वसईचं एक वेगळं अंग उपयोगी पडतं, ज्याबद्दल आपण फार कमी लिहितो. रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या औद्योगिक गाळ्यांच्या रांगा लागतात. त्यांतल्या एका गाळ्यात स्टॅबिलायझरचे आणि चार्जरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे एक काका आहेत. मी त्यांच्यासमोर माझा कागद ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं,

“किती व्होल्टचा?”

“काका, हा विजेचा नाही. आवाजाचा आहे.”

“आवाजाला व्होल्ट नसतात काय?”

“असतात. एक व्होल्ट म्हणा. बरेचदा त्याहून कमी.”

“मग भाऊ, एवढ्याला एवढे वेढे?”

मी त्यांना बेसची सगळ्यांत खालची तार समजावली. ती सेकंदाला 41.2 वेळा थरथरते. घरातली वीज 50 वेळा. म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर घरातल्या विजेपेक्षाही खालचं काही पेलणार, आणि त्याच वेळी नखाचा बारीकसा खरखराटही सोडणार नाही. चुंबकाचं गणित असं की व्होल्टेज तेच राहून स्वर जितका खाली जाईल तितकं गाभ्यात चुंबकत्व जास्त साठतं. खालच्या स्वरांसाठी वेढेही हवेत आणि गाभाही चांगला हवा. काकांनी मान हलवली. विजेची माणसं ही गोष्ट आपल्याआधी ओळखतात.

प्रायमरीची तार केसाहून बारीक. मोटरच्या मशीनवर ती झटक्याने तुटते, म्हणून काकांनी हाताने फिरवायचं जुनं मशीन कपाटामागून बाहेर काढलं. त्याच्या दांड्याला आकड्यांची छोटी चाकं आहेत. दर फेऱ्याला शेवटचं चाक एक घर सरकतं. काका तार नमद्याच्या तुकड्यातून सोडतात आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत तिचा ताण सांभाळतात. कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. अर्धी प्रायमरी झाली की पिवळी मायलर टेप. त्यावर तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक वेढा, पण त्याची टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत. लागली तर तो पूर्ण वेढा होतो आणि सगळा आवाज तिथेच गिळला जातो. ही टोकं दूर ठेवताना काका श्वास रोखतात, हे मी दर वेळी पाहिलंय. मग सेकंडरी, पुन्हा पत्रा, पुन्हा उरलेली अर्धी प्रायमरी. असं एकात एक गुंडाळलं की वरचे स्वर वाटेत हरवत नाहीत. बारीक तार जाड तारेला जोडतानाचा डाग काका आधी एक सैल वळसा देऊन मग लावतात, म्हणजे बाहेरून कुणी ओढलं तरी ताण आत पोचत नाही. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. वसईची हवा ओली आणि खारी; टेपमध्ये, बॉबिनमध्ये दमटपणा मुरतो. म्हणून गुंडाळलेला बॉबिन पत्र्याच्या डब्यात बल्बच्या उबेवर ठेवायचा, पूर्ण सुकू द्यायचा, आणि मगच वार्निशमध्ये बुडवायचा.

गाभ्याच्या पत्त्या हा सगळ्यांत कठीण भाग. विजेच्या ट्रान्सफॉर्मरची सिलिकॉन-पोलादाची पत्ती गोखिवऱ्यात किलोने मिळते, पण ती फार क्षीण आवाजाला नीट प्रतिसाद देत नाही. निकेलची पत्ती हवी; तिच्यात साधारण ऐंशी टक्के निकेल आणि बाकी बहुतांश लोखंड. ती मी जुन्या भंगारातल्या माइक-ट्रान्सफॉर्मरांतून मिळवतो, चोर बाजारातून, बंद पडलेल्या जुन्या अँप्लिफायरांतून. या पत्तीला मार चालत नाही. ती वाकली किंवा आपटली की तिच्यातले चुंबकाचे गुण उतरतात, आणि ते परत आणायचे तर तिला पुन्हा भट्टीत तापवून हळूहळू थंड करावं लागतं. काकांच्या हाताला लाकडी हातोडीने ठोकून पत्त्या घट्ट बसवायची सवय. मी सांगितल्यावर त्यांनी हातोडी खणात टाकली आणि एकेक पत्ती अंगठ्याने सरकवत बसवली, उलटसुलट, उलटसुलट. एवढी वर्षं मुरलेली सवय हातातून काढून ठेवणं मी फार थोड्या माणसांत पाहिलंय.

आणि मग रेल्वे. आमच्या डोक्यावरच्या तारेतून 25,000 व्होल्टचा, 50 हर्ट्झचा प्रवाह वाहतो. लोकल स्टेशनातून सुटते तेव्हा तिच्या मोटरी सगळ्यांत जास्त प्रवाह ओढतात आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र आजूबाजूला पसरतं. माझ्या खोलीत उघडा ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवला, हेडफोन लावला आणि आवाज वाढवला, की विरार लोकल सुटलेली कानात ऐकू येते. तिचा हॉर्न नाही, चाकं नाहीत; फक्त एक खालचा, फुगत जाणारा आणि विरत जाणारा गुंजारव. मग त्या ट्रान्सफॉर्मरवर म्यूमेटलची टोपी चढवायची. तीही निकेलचीच. टोपी खाली येते आणि लोकल दूर गेल्यासारखी होऊन नाहीशी होते. डेट्रॉइटच्या त्या खोलीला या टोपीची किती गरज होती, हा विचार मी करत नाही. वसईत तिच्यावाचून भागत नाही.

आता या सगळ्या खटाटोपाने आवाजात काय पडतं? गाभा खालच्या स्वरांवर थोडा भरत येतो तेव्हा लाटेचं टोक किंचित गोल होतं. त्यातून मूळ स्वराचा तिप्पट स्वर हळूच उमटतो, 41.2 च्या सोबतीला 123.6. मोबाइलच्या स्पीकरला 41 हर्ट्झ पेलतच नाहीत, पण 123 च्या वरचं थोडंफार तो देतो, आणि कान त्यावरून खालचा स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून जुन्या गाण्यांतला बेस चाळीतल्या लहान रेडिओवरसुद्धा कळायचा. आजच्या कॉम्प्युटरच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस फार स्वच्छ येतो, आणि स्वच्छ येऊनही फोनवर बऱ्याचदा गायब होतो.

हा फरक लहान आहे. ज्या पोरांकडे पैसे नाहीत त्यांना मी सांगतो, तुमच्या ऑडिओ इंटरफेसला गिटारचं वेगळं तोंड असेल तर तेच वापरा, उत्तम चालतं. अंगठ्याने थापटून वाजवायची शैली असेल, किंवा बेसमध्येच बॅटरीचं सर्किट असेल, तर माझी डबी उलट थोडी मंद वाटते. अशा वेळी मी ती लावत नाही. सॉफ्टवेअरमध्येही जुन्या ट्रान्सफॉर्मरांच्या नकला निघाल्यात आणि त्यांतल्या काही चांगल्या आहेत. पण तर्जनीने, जाड तारांवर, गाण्याला खाली धरून वाजवणाऱ्यासाठी काकांच्या हातचा ट्रान्सफॉर्मर मी कशाशीही बदलणार नाही. हेडफोनमध्ये स्वतःचं बोट पहिल्यांदा असं ऐकल्यावर वाजवणारा ताठ बसतो. हळू वाजवू लागतो. जागा सोडू लागतो. त्याला कळतं की आपलं ऐकलं जातंय. माझ्या मते रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांत मोठा बदल तिथे घडतो, आणि तो कुठल्याही मीटरवर दिसत नाही.

माझ्या प्रत्येक डबीच्या तळाला, आतल्या बाजूला, काकांचं नाव कोरलेलं असतं. डबी उघडली तरच दिसतं, पण असतं. त्यांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “चार्जरवर कोण लिहितं?”

वसई-विरारमध्ये दर नाताळला, दर लग्नसराईत नवी गाणी निघतात आणि यूट्यूबवर चढतात. खाली गायकाचं नाव असतं, गीत-संगीताचं असतं, व्हिडिओ कुणी काढला, मेकअप कुणी केला, जेवण कुणी पुरवलं तेही असतं. ती यादी लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. आणखी एक ओळ लिहायला काही लागत नाही. बेस कुणी वाजवला, ते पूर्ण नावानिशी लिहा, आणि जुनी गाणी वर असतील तर आज परत जाऊन तिथेही लिहा. ती माणसं अजून गावात आहेत, विचारलं तर सांगतील.